रूम अँड रूफमधले आप्पा

सुधींद्रच्या घरी पाहुणा आला की आधी सोफ्यावरचे अंक उचलून जमिनीवर ठेवावे लागतात, आणि जमिनीवरचे उचलून कुठं ठेवायचे यावरून नवरा-बायकोची थोडी चकमक होते. बंगळूरच्या जे. पी. नगरातला हा फ्लॅट तसा लहान नाही, मासिकांनी तो लहान केलाय. चित्रकलेची, वास्तुकलेची, घरसजावटीची मासिकं. सगळी जुनी, बरीचशी इंग्रजी. एखाद्याचं मुखपृष्ठ गेलेलं, एखाद्याला वाळवीनं चाखून बघून सोडून दिलेलं. सुधींद्रची बायको स्मृती म्हणते, "आमचे हे दुसऱ्यांच्या घरात राहतात. माझ्या घरात फक्त जेवायला येतात."

तिचं काही खोटं नाही. दुपारी जेवण झालं की हा माणूस पंख्याखाली बसतो आणि एखाद्या जुन्या अंकातल्या बंगल्यात शिरतो. निमुळत्या पायांच्या खुर्च्या, भिंतीत बसवलेला रेडिओ, पिवळ्या टाइल्सचं स्वयंपाकघर, कोपऱ्यात शोभेची केळ. त्या फोटोंत माणूस म्हणून नसतो. फुलदाणीत ताजी फुलं, टेबलावर दोन पेले आणि घरची मंडळी नुकतीच बाजारात गेल्यासारखी. ती यायच्या आत आपण सगळं बघून घ्यावं, तसा सुधींद्र घाईनं आणि चोरट्या आनंदानं बघतो. जाहिरातीही सोडत नाही. आता कुठंच न मिळणारे पंखे, न मिळणारे रंग, चार आकडी फोन नंबर वाचून तो एकटाच हसतो. त्याला विद्वान समजू नका. ही इमारत कुणी बांधली असं विचारलंत तर तो डोकं खाजवील. पण पान कापणारा माणूस त्याच्या डोक्यात जातो. आयुष्यात त्यानं एका अंकाला कात्री लावलेली नाही, आणि हे तो ज्याला त्याला ऐकवतो.

आता साठीच्या, विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या, साध्यासुध्या माणसाला हे वेड कुठून लागलं? लोक म्हणतात, हौसेला मोल नसतं. पण ही नुसती हौस नव्हती. तिच्यामागे एक फोटो होता, आणि गंमत अशी की तो फोटो सुधींद्रनं कधी पाहिलेलाच नव्हता.

तेव्हा हे कुटुंब मल्लेश्वरममध्ये राहायचं. घराण्यातलं कुणी तीनशे वर्षांत महाराष्ट्रात राहिलेलं नाही. नमस्कार मठातल्या स्वामींना, भांडण भाजीवालीशी कन्नडमध्ये, आणि देवापुढचं गाऱ्हाणं तेवढं मराठीत, असा सगळा कारभार. घर बसकं, कौलारू, खिडक्यांवर लाकडी टोपरं असलेलं, मंकी टॉप म्हणतात ते. आत रेड ऑक्साइडची तांबडी जमीन. आई ती रोज पुसायची, आणि इतक्या वर्षांच्या पुसण्यानं तिच्यात खिडकीचं ऊन दिसायचं. दुपारी त्या जमिनीवर उघड्या पाठीनं पडलं की एप्रिलमध्येसुद्धा हुडहुडी भरायची. सुधींद्रला अजून कधी कधी पाठीला तो गारवा जाणवतो आणि मग त्याचं त्यालाच वाईट वाटतं.

वडील भीमाचार्य, म्हणजे आप्पा, संस्कृत शिकवायचे. थोरली बहीण अहल्या, म्हणजे अक्का, चित्रकला शिकत होती. तिच्या कॉलेजात मुंबईच्या 'रूम अँड रूफ' नावाच्या मासिकाची माणसं आली. बंगळूरच्या जुन्या घरांवर त्यांना लेख करायचा होता. अक्का म्हणाली, आमचं घर बघा की. झालं, एका सकाळी फोटोवाला दोन मदतनिसांसह दारात उभा. त्यांनी घर हलवून सोडलं. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, स्वामींचे फोटो उतरवले, वाटणाचा दगडी रगडा मागं ढकलला, दुसऱ्या खोलीतली समई आणून हॉलमध्ये ठेवली. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती आणि कन्नडमध्ये पुटपुटत होती. मग फोटोवाल्याला वाटलं, खोली केवढी आहे ते कळायला एक माणूस पाहिजे. आप्पा नुकतेच पूजा आटोपून उघड्या अंगानं बाहेर आले होते. त्यांना वेताच्या खुर्चीत बसवलं. आप्पांना मोठी मौज वाटली. सुधींद्र त्या वेळी धारवाडला कॉलेजात होता. त्याला हे सगळं अक्काच्या पत्रातून कळलं, आणि आपण तिथं नव्हतो म्हणून तो चार दिवस चरफडला.

अंक टपालानं आला तेव्हा घरात आई एकटी होती. तिनं उघडला, आप्पांचं पान काढलं. आप्पांचं जानवं उजव्या खांद्यावर होतं. आता, जानवं असतं डाव्या खांद्यावर. ते उजव्या खांद्यावर घेतात त्याला अपसव्य म्हणतात, आणि ते गेलेल्यांच्या कामातच, श्राद्धाला, तर्पणाला. चांगल्या धडधाकट माणसाचा असा फोटो छापून देशभर वाटायचा म्हणजे काय? आईनं पुन्हा बघितलंसुद्धा नाही. गल्लीत 'हळे पेप्पर' ओरडत जाणाऱ्या रद्दीवाल्याला बोलावून त्याच्या पोत्यात तो अंक टाकला आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

त्याच वर्षी कार्तिकात आप्पा गेले. बाजारातून आले, पाणी मागितलं आणि पाणी आणेपर्यंत गेले. तेराव्याला घर माणसांनी भरलेलं असताना आई अक्काला म्हणाली, "त्या फोटोवाल्याला तूच आणलीस. जिवंत माणसाला अपसव्य घातलीस तू."

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असं सुधींद्रला तेव्हाही वाटलं होतं. पण तेराव्या दिवशी आईला म्हणी कोण ऐकवणार? अक्का त्यानंतर घरात टिकली नाही. शाळेत चित्रकला शिकवायची नोकरी धरली, वेगळी खोली घेतली, लग्न केलं नाही. पुढं मल्लेश्वरमचं घर विकलं, आई सुधींद्रबरोबर जे. पी. नगरला आली, अक्का मात्र तिकडंच, जुन्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहिली. भांडण म्हणावं तर भांडण नाही. युगादीला अक्का येते, दिवाळीला येते, आईचे पाय चेपते, आई तिला डब्यात चटणीपुडी भरून देते. फक्त आप्पांच्या तिथीला तिला बोलावणं नसतं. आणि बोलावल्याशिवाय येईल तर ती अक्का कसली. ह्यावर घरात कुणी बोलत नाही. पोरकं व्हावं बापाच्या माघारी, आणि वर त्याच्या श्राद्धाच्या पानाला हातही लावू नये, ही शिक्षा कुणी कधी मोठ्यानं सुनावली नाही की माफही केली नाही.

नोकरी लागल्यावर सुधींद्रला अव्हेन्यू रोडवर, जुन्या पुस्तकांच्या ढिगात 'रूम अँड रूफ'चा एक अंक दिसला. त्यानं झडप घातली. उघडला, तर भलत्याच सालाचा. तरी घेतला. आप्पांचा धड असा एक फोटो घरात नव्हता. कुणाच्या तरी मुंजीतल्या घोळक्यात पाठीमागं उभे असलेले, अर्धे, तेवढेच. खुर्चीत बसलेले आप्पा कसे दिसत असतील ते त्याला बघायचं होतं, बस. त्या अंकामागून दुसरा आला, दुसऱ्यामागून कलेची त्रैमासिकं आली, ग्रंथालयांनी काढून टाकलेले विलायती गठ्ठे आले. आप्पा काही सापडले नाहीत. पण वेड लागलं ते लागलं.

पुढं बऱ्याच वर्षांनी एका अंकात त्याला बाजारपेठेचा फोटो दिसला. छान फोटो, फक्त दुकानाच्या पाटीवरची कन्नड अक्षरं उलटी होती. आधी वाटलं डोळे गेले. मग लक्षात आलं, छापताना फिल्मची पट्टीच उलटी ठेवलेली. डावं उजवीकडं, उजवं डावीकडं. बोर्ड होता म्हणून समजलं, नाहीतर कुणाच्या बापाला समजलं असतं?

कुणाच्या बापाला, हे शब्द मनात आले आणि सुधींद्र ताडकन उठून उभा राहिला.

त्याच संध्याकाळी त्यानं आईला सांगितलं. आई वाती वळत होती. "आई, तो फोटो उलटा छापला असेल की. जानवं बरोबरच असेल, छापणाऱ्यानं पालटलं."

"तू बघितलास का?" आईनं मान वर न करता विचारलं.

"नाही."

"मी बघितलंय."

विषय संपला. अक्काला फोन केला तर ती म्हणाली, "सोड रे सुधी. मी तिथंच उभी होते, प्रकाश पडायला पांढरा कागद धरून. पण बापाचं जानवं कुठल्या खांद्यावर आहे ते कोण बघतं? शपथेवर मी सांगू शकत नाही." आणि मग, "आप्पा पोटाला गुदगुल्या झाल्यासारखे हसत होते, एवढं आठवतं."

तेव्हापासून मात्र सुधींद्र नुसता छंदी राहिला नाही. त्याला तो एकच अंक हवा होता. आईनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं खोडून काढायचं तर तेच पान तिच्या मांडीवर ठेवायला पाहिजे, आणि तेही ती आहे तोवर. त्या सालाचे बाकीचे अंक मिळाले, तेवढा एक मिळेना. यंदा आई न्हाणीघरात घसरली. हाड मोडलं नाही, पण ती उठली ती निम्मी होऊन. कार्तिक जवळ आला तशी एक दिवस म्हणाली, "ह्या वेळची तिथी बघते. पुढची तुमची तुम्ही बघा." सुधींद्रला त्या रात्रीचं जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा ओळखीच्या जुन्या पुस्तकवाल्याकडं गेला. त्यानं कपाळावर हात मारला. "अय्यो सर, स्वल्प आधी यायचं! असल्या पुस्तकांचं एक आख्खं पोतं होतं. एचएसआर लेआउटची एक मुलगी घेऊन गेली, हॉटेलच्या डेकोरेशनला." नंबर मात्र होता त्याच्याकडं.

सुधींद्रनं फोन लावला आणि आपल्या कचेरीतल्या इंग्रजीत सुरुवात केली. पलीकडून ती मुलगी कुणाला तरी मध्येच म्हणाली, "अगं थांब ना, दोन मिनिटं!" हा चमकून मराठीवर आला.

"काका, तुम्ही मराठी? सो नाइस! मी सिद्धी, पुण्याची. तुम्ही बंगलोरला कधी शिफ्ट झालात?"

"झाली की," सुधींद्र विचार करून म्हणाला, "तीनशेएक वर्षं."

ती हसली. मग त्यानं काय हवंय ते सांगितलं. "काका, एक प्रॉब्लेम आहे. ते अंक आता अंक नाहीयेत. मी कॅफेंचं इंटीरियर करते ना, तर आम्ही त्यातली चांगली चांगली पेजेस कट करून फ्रेम केली. बाकीचं रद्दीत गेलं. तुम्ही येऊन बघता का?"

कट करून, हा शब्द ऐकून तो फोनच ठेवणार होता. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, राग तरी कुठून असणार? रिक्षा करून तो एचएसआर लेआउटला गेला.

कॅफेत प्रत्येक टेबलावर लॅपटॉप आणि प्रत्येक लॅपटॉपमागं कानात बोळे घातलेलं एक पोर. सिद्धी तिशीची, ढगळ शर्ट घातलेली, बोलता बोलता हातवारे करणारी. ती त्याला फ्रेमांच्या भिंतीकडं घेऊन गेली. एक जिना, एक केशरी सोफा, एका राजवाड्याचं छत. आणि कॉफीच्या यंत्राच्या वर, ऑम्लेट-टोस्टच्या किमती लिहिलेल्या फळीच्या शेजारी, वेताच्या खुर्चीत बसलेले आप्पा.

ज्या माणसानं जन्मात घराबाहेर घोटभर पाणी घेतलं नाही, तो माणूस अंड्यांच्या वासात बसून मजेत हसत होता. सुधींद्रला आधी हसू आलं. मग त्याला काही दिसेना. आप्पा त्याच्या आठवणीत होते त्याहून तरुण होते, त्याच्याहूनही तरुण. पायाखाली ती तांबडी जमीन होती आणि जमिनीत आप्पांच्या धोतराचं पांढरं प्रतिबिंब पडलं होतं. त्यानं हात पुढं केला, काचेला बोटं लागली, तेव्हा तो भानावर आला.

"काका, आर यू ओके? कोण आहेत हे?"

"माझे वडील," तो म्हणाला. "तुझ्या भिंतीवर आहेत."

सिद्धी एकदम खुर्ची ओढून त्याला बसवायला लागली. बसून त्यानं पुन्हा बघितलं. जानवं उजव्या खांद्यावर होतं. आईनं सांगितलं होतं अगदी तसं. इतकी वर्षं उलट्या छपाईवर पैज मारलेल्या ह्या माणसाच्या अंगावर भर दुपारी काटा आला. फोटो उलटा छापलाय की सुलटा, हे सांगणारं त्यात दुसरं काही नव्हतं. पाटी नाही, घड्याळ नाही, खिडकी नाही. मागं कोरी भिंत. कॅलेंडर तर त्या शहाण्यांनी आधीच उतरवलेलं. खुर्ची आणि समई, दोन्ही त्या दिवशी इकडची तिकडं केलेली.

सिद्धीनं फ्रेम उतरवून त्याच्या हातात दिली. "असंच घेऊन जा काका. आणि सॉरी हां, मी पेज कट केलं."

"कापलीस म्हणून राहिले," सुधींद्र म्हणाला. कात्रीबद्दल चांगला शब्द त्याच्या तोंडून प्रथमच निघत होता, आणि त्याला तो बोलताना अवघडल्यासारखं झालं. भिंत रिकामी राहू नये म्हणून आपल्याकडचा दुबार असलेला एक अंक देईन म्हणाला. पण आख्खा देईन, कापायचं ते तुझं तू काप.

घरी आई बाल्कनीत बसली होती. सुधींद्रनं फ्रेममधून पान सोडवलं, ताटात घेतलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. "आई, आप्पा आलेत."

आईनं क्षणभरच बघितलं आणि तोंड फिरवलं. "बघ. मी काय सांगत होते?"

"उलटं छापलंय आई. स्वल्प थांब, दाखवतो." त्यानं स्मृतीचा हातआरसा आणून पानासमोर धरला. आरशात जानवं डाव्या खांद्यावर आलं. तो विजयी मुद्रेनं आईकडं बघायला लागला.

"आरशात सगळंच उलटं दिसतं," आई म्हणाली.

पालथ्या घड्यावर पाणी. सुधींद्र आरसा खाली ठेवून कठड्याशी जाऊन उभा राहिला. इतक्या वर्षांचा शोध चार शब्दांत निकालात निघाला होता. त्याला आईचा राग आला, अक्काची कीव आली, आणि त्या सगळ्या अंकांच्या ढिगाला काडी लावावी असं पहिल्यांदा वाटलं.

पाठीमागून आईचा आवाज आला. "तुझं ते भिंग दे इकडं. ह्यांचं तोंड तरी बघू दे नीट."

अंक तपासायचं भिंग त्यानं दिलं. आईनं ते पानावर इंचाइंचानं सरकवलं. कपाळ बघितलं, कान बघितले. "दाढी केली नव्हती त्या दिवशी," म्हणाली. "मी सांगत होते, दाढी करा, फोटो काढणारेत." तिचा आवाज मऊ झाला होता. भिंग खाली, दंडावर आलं आणि थांबलं.

"हे काय रे?"

सुधींद्रनं वाकून बघितलं. "छपाईचे डाग आई. जुन्या कागदावर येतात तसे."

"डाग?" आईनं त्याच्याकडं असं बघितलं, की साठीचा माणूस सहा वर्षांचा झाला. "मुद्रा आहेत त्या! संध्या सोडलास, मुद्रा ओळखायच्याही विसरलास? रोज सकाळी गोपीचंदन उगाळून कोण द्यायचं ह्यांना?"

खरंच होतं. त्यांच्यात अंघोळ झाली की पुरुषानं अंगावर गोपीचंदनाच्या मुद्रा उमटवायच्या. उजव्या दंडावर चक्र, डाव्या दंडावर शंख. सुधींद्रनं ते कधीच सोडलेलं. जुन्या छपाईतला ठिपकान् ठिपका ओळखण्याची घमेंड बाळगणाऱ्या त्या माणसानं बापाच्या अंगावरचे शंखचक्र शाईचे डाग समजून सोडून दिले होते.

आई अजून भिंगातून बघत होती. तिनं ते एका दंडावरून दुसऱ्या दंडावर नेलं. परत आणलं. परत नेलं.

"शंख उजव्या दंडावर कसा?" ती म्हणाली.

स्मृती आतून येऊन दारात उभी राहिली होती.

"जानवं एखाद्या वेळी चुकेल माणसाचं. तर्पण करून उठले नि तसंच राहिलं. पण मुद्रा नाही चुकायच्या. झोपेतसुद्धा नाही." आईनं भिंग खाली ठेवलं. "उलटंच छापलंय की रे मेल्यांनी."

सुधींद्रला नाचावंसं वाटलं. "मग मी काय सांगत होतो! म्हणजे अक्कानं काही केलं नाही. अपशकुन नव्हता नि काही नव्हतं. छापखान्यातली साधी चूक आई, उगाच आपण इतकी वर्षं..."

"मग हे का गेले रे?"

"हार्ट, आई. डॉक्टर म्हणालेच होते की."

"ते ठाऊक आहे मला. का गेले, ते विचारते."

अक्काला सोडवायला म्हणून त्यानं हे पान शोधलं होतं. ते पान आईला काय होतं, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. नवरा पाणी मागून पाणी पिण्याआधी गेला, ह्याला तिच्याकडं एक कारण होतं. चुकीचं, पोरीचा जीव घेणारं, पण कारण होतं. ते त्यानं आज तिच्या हातातून काढून घेतलं आणि बदल्यात द्यायला त्याच्याजवळ काही नव्हतं. तो तिच्या पायाशी जमिनीवर बसला. आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण तिचं लक्ष त्याच्याकडं नव्हतं.

त्या रात्री ती जेवली नाही. पान उशाशी ठेवून पडून राहिली. सकाळी अंघोळ झाल्यावर म्हणाली, "अहल्येला फोन लाव."

आईनं आपण होऊन अक्काला कधी फोन केला नव्हता. तिला ऐकू कमी येतं म्हणून सुधींद्रनं फोन स्पीकरवर टाकला आणि तिच्या हातात दिला.

"काय झालं?" अक्का घाबरूनच बोलली. "आईला काय झालं रे?"

"मीच बोलते. काही झालं नाही मला. सोमवारी ह्यांची तिथी आहे. मला ओट्यापाशी उभं राहवत नाही, स्मृती एकटी काय काय करील? वडे तू करायचे."

पलीकडं मल्लेश्वरमच्या गल्लीतून कुणी भाजीवाला ओरडत गेलेला ऐकू आला. मग अक्काचा आवाज, इतका बारीक की सुधींद्रला तो ओळखूच आला नाही.

"आई, मी चालेन?"

आईनं फोन दोन्ही हातांनी धरला. "तूच चालायचीस गं. फोटो उलटा छापला होता, बाकी काही नाही, सुधीनं आणून दाखवला. पण फोटो सुलटा असता तरी तुझं काय चुकलं होतं? कुणावर तरी घातल्याशिवाय मला श्वास घेता येत नव्हता तेव्हा. आणि हाताशी तू होतीस."

अक्का रडत होती की काय, ते कळायला मार्ग नव्हता.

"डाळ तुम्ही भिजवू नका," ती म्हणाली. "मी आदल्या दिवशीच येते."